मुक्ताबाईच्या उठाबशा

"मुक्ते, काय गुन्हा केलास गं? कान न धरताच उठाबशा काढतीस!" शेजारची राहीबाई बांधावरून ओरडली.

"गुडघ्यांस्नी शिक्षा लावलीय," गोठ्याची मेढ धरून मुक्ताबाई धापा टाकत म्हणाली. "मधी बोलू नगंस, मोजनी चुकती."

"साठीत बारीक हून कुनाला दावायचंय?"

"बारीक हून काय करू? म्हशीखाली बसल्यावर माझं मला उठता आलं पायजे. बास."

मिरजगावाबाहेरच्या त्या वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. दिवाळीत मुक्ताबाई धार काढायला उकिडवी बसली ती बसलीच. नवऱ्यानं, सहादेवनं काखेत हात घालून तिला उठवलं आणि तिथंच सांगून टाकलं, "मोरीला इकू. तुझ्याबिगर ती कुनाच्या हाताला पान्हा सोडत न्हाई." मोरी ही मुक्ताबाईनं पारडीपासून वाढवलेली म्हैस. मुक्ताबाईनं संक्रांतीपर्यंतची मुदत मागून घेतली आणि दवाखान्यातल्या बाईनं शिकवल्याप्रमाणं रोज उठबस सुरू केली.

महिन्यानं सून धनश्री शेजारी येऊन उभी राहिली. दोन बाळंतपणांनंतर नवरा गोरक्ष तिला 'टेम्पो' म्हणायचा. तेव्हापासून ती अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठायची.

"मलाबी करायच्यात, आत्याबाई."

"कशापायी?"

"पोट उतरायला."

"मग नगं. आदी पोटभर भाकर खाऊन ये. अंगात जोर आनायचा आसंल तर धर मेढ."

त्या दुपारी लेकाला वाढता वाढता मुक्ताबाई म्हणाली, "गोरक्ष, त्याच टेम्पोत तुजी दोन लेकरं नऊ-नऊ म्हैने हिंडली. भाडं दिलंस का रं?"

धनश्रीनं त्या दिवशी दीड भाकर खाल्ली.

संक्रांत झाली आणि सहादेव व्यापाऱ्याला घेऊनच आला. मुक्ताबाई धारेला बसली होती. कासंडी भरली. आता उठायचं. दोघे पुरुष बघत उभे. डावा हात मेढीकडं गेला, तिनं तो मागं घेतला. गुडघे कडाडले. अर्ध्यावर येऊन ती अडकली, तशी धनश्री धावली.

"हात लावू नगंस!"

आणि मोरीला एक सणसणीत शिवी हासडून ती उभी राहिली. पदर सुटलेला, चेहरा लालबुंद, पण उभी.

"मला म्हैस दावायला आनलं का ही बाई?" व्यापारी हसला.

"च्या घ्या अन् जावा," सहादेव खाली बघत म्हणाला. "म्हैस न्हाई इकायची."

मुक्ताबाई ऐकायला थांबली नाही. डेअरीची गाडी यायची वेळ झाली होती. कासंडी उचलून ती दूध गाळायला गेली.