रजिस्टरात न लिहिलेली पाठ

बावीस वर्षं मी सैन्यात नर्सिंग असिस्टंट होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो. शेवटचं पोस्टिंग उत्तरेकडं, बर्फात. सकाळी सहाला एमआय रूमसमोर, म्हणजे युनिटच्या दवाखान्यासमोर, सिक रिपोर्टची लाईन लागायची. रजिस्टरात नाव, तक्रार, औषध लिहायचं आणि पुढच्याला बोलवायचं.

नाईक दत्ता माझ्याच गावचा, बावड्याचा. तो लाईनीत कधी उभा राहिला नाही. पावणेसहाला मागच्या दारानं यायचा. उठल्यावर तासभर त्याची कंबर लाकडासारखी धरायची, पळाला की मोकळी व्हायची. कामानं दुखणारी पाठ पडून राहिलं की बरी होते. याचं उलटं. झोपला की वाढायचं. हे सांध्यांच्या सुजेचं लक्षण, असं ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. त्यामुळं मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

"डॉक्टरसायबांना दाखवू," मी म्हणालो.

"नगं गड्या. लो मेडिकल कॅटेगरी लागली की प्रमोशन गेलं. गोळी दे, बास."

दिली. तीन वर्षं दिली, रजिस्टरात न लिहिता. गाववाल्याचं भलं करतोय असं वाटायचं. कसलं डोंबलाचं भलं.

दोघंही रिटायर होऊन गावी आलो. दत्तानं ऊस लावला. तोवर तो पुढं वाकला होता, मान वळवायची तर अख्खा वळायचा. बारामतीच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मणके एकमेकांना जुळून एकच दांडा झाला होता. "असा मणका ठिसूळ असतो, पडू नका," ते म्हणाले. "आधी आला असतात तर बरंच थांबवता आलं असतं." दत्ता हसला. मी एक्स-रेकडं बघत बसलो.

गेल्या थंडीत ऊसतोड चालू होती. सकाळी सात वीसला दत्ता ट्रॅक्टरवरून उतरताना घसरला. उंची जेमतेम दोन फूट. साडेसातला मी पोचलो. तो उताणा पडला होता, शुद्धीत होता. पाठीच्या बाकामुळं डोकं जमिनीला टेकत नव्हतं, म्हणून त्याच्या बायकोनं, वहिनींनी, खाली हात धरला होता.

"सरळ निजवा त्येला," तोडवाले म्हणत होते. आमचं ड्रिलही तेच. मानेला मार असेल तर मान सरळ रेषेत. मी वहिनींना हात काढायला लावला, डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि खाली नेऊ लागलो. दोन बोटं खाली गेलं असेल.

"शिवा, हात गेलं माझं," दत्ता म्हणाला. "कायच कळंना."

गोळीबारात एवढा भ्यालो नव्हतो. वहिनींनी बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"सरळ करू नका. रोज वाकलेली असते तशीच धरा. खाली आधार द्या."

ड्रिल सगळ्यांसाठी असतं, दत्तासाठी नव्हतं. मी डोकं परत वर घेतलं, खाली पोती घातली, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पंचावन्न मिनिटं तसंच धरलं. हात कापायला लागले. या कापण्यानंच तो मरतोय की काय, असं सारखं वाटत होतं.

"दत्ता, बोलत राहा. रिपोर्ट दे."

"सब ठीक," तो म्हणाला. डोळे मात्र भ्यालेले होते.

नवव्या दिवशी तो गेला. मणका पडतानाच मोडला होता, असं डॉक्टर म्हणतात. असेल. ती दोन बोटं माझ्या हातातून जात नाहीत.

पुढं इंदापुरात माजी सैनिकांचा मेळावा झाला. शहिदांची नावं वाचली. दत्ताचं त्यात नव्हतं. उसात पडून मेलेला शहीद होत नाही. यादी संपल्यावर मी उभा राहिलो. "नाईक दत्ता," मी म्हणालो. "नोकरीत आजार लपवला. लपवायला गोळ्या मी दिल्या."

वहिनी बायकांत बसल्या होत्या. बाहेर आल्यावर त्या सरळ माझ्याकडं आल्या. वाटलं, थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"भावजी," त्या हळू म्हणाल्या, "आमच्या थोरल्या पोराची पाठ बी सकाळी धरती. लोणी देवकरला कंपनीत जातो. मेडिकलमधनं गोळ्या आणून खातो, आन् कुणाला सांगू नगं म्हणतो."