झाडून टाकलेलं फोल्डर

नववीत शाळा सोडून मी धुळ्याकडून सुरतेला आलो. आठ वर्षं कडोदऱ्याला लूमवर काढली, मग पर्वत पाटियाजवळच्या साडी-डिझाइनच्या ऑफिसात महिनाभराच्या ट्रायलवर लागलो. कॉम्प्युटरवर काढलेल्या डिझाइनप्रमाणे पंच मशीन पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायचं; ती कार्डं लूमवर चढवली की साडीत तीच नक्षी उतरायची. कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. ते मला तिथं डिझाइन काढणाऱ्या बेननी, म्हणजे ताईंनी, शिकवलं, इंग्रजीचा एकेक शब्द सोडवून. ते उपकार फिटायचे नाहीत.

ट्रायलच्या शेवटच्या दिवशी मी धास्तीनं रूमवर पेटी भरूनच आलो होतो. शेठनी फ्लॉपी पुढे केली. "पंच मशीनचा नवा प्रोग्राम छे. दुपारी पार्टी येते. चाललं तर इथं, नहीं तो पाछा लूमवर!"

मी कम्पाइल लावलं, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवायला घेतला, आणि एररच्या ओळी धो धो पळत सुटल्या. शेवटची धरून दुरुस्ती केली, तर आणखी वाढल्या.

बेन म्हणाल्या, "भाऊ, लूमवर धागा तुटला तर नुसतं कापडाकडे बघत बसायचात?"

खरंच की! तिथं आम्ही मागं बीमपर्यंत, सगळे धागे जिथून सुटतात त्या रुळापर्यंत, जायचो. मी सगळ्या एरर एका फाइलमध्ये उतरवून घेतल्या नि पहिली ओळ वाचली. सिस्टिमची हेडर फाइल सापडत नव्हती. प्रोग्राममधल्या कितीतरी शब्दांचा अर्थ त्या फाइलीत, म्हणून पुढचं सगळं अडलेलं. शोधत गेलो, तर त्या जागी नुसती लिंक. ती दाखवत होती लिनक्सच्या मूळ कोडच्या फोल्डरकडे. आणि ते फोल्डर तिथं नव्हतंच.

पाळी संपली की लूमखालचा कचरा झाडायचा, ही माझी सवय. दोन दिवसांपूर्वी डिस्क भरलेली दिसली, तेव्हा कुणी उघडत नाही म्हणून ते फोल्डर मीच पुसलं होतं. वर शाबासकीची वाट बघत होतो!

"बेन, मीच उडवलं ते."

त्या इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला. "अरे भाऊ, घर झाडताना पायाच उचलून बाहेर टाकला!"

पण कपाटातून सीडी त्यांनीच काढली, सिस्टिम जिच्यावरून टाकली होती तीच. फोल्डर जागेवर आलं. पुन्हा कम्पाइल लावलं. एकही एरर नाही! खोटं वाटलं म्हणून परत लावलं. मग पंच मशीन टकटक वाजायला लागलं आणि मी खुर्चीतून उडालोच.

शेठ धावत आले. "कोणी चालू केलं?"

"यांनी," बेन म्हणाल्या आणि सांडलेला चहा पुसायला लागल्या.

मला राहवेना. "शेठ, बंदही मीच पाडलं होतं." सगळं सांगितलं.

शेठ भोकं पडलेलं कार्ड उजेडात धरून बघत राहिले. "उद्या दहाला ये. पण बेन, याच्या हातात झाडू देशो नहीं!"

रूमवर जाऊन मी पेटीतले कपडे परत खुंटीला लावले.