काकासाहेबांच्या गाडीतली उत्तर

रूपा हिवराळेच्या दुकानात येणारं नवं गिऱ्हाईक आधी आत डोकावतं आणि विचारतं, "मिस्तरी कुठंय?" मुकुंदवाडीत तिनं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकलं त्याला सहा वर्षं झाली, तरी हे थांबलेलं नाही. रूपा हातातलं काम न सोडता म्हणते, "बोला, मीच."

वडील पुंडलिकराव घरांची वायरिंग करायचे. त्यांच्या हाताखाली ती पेचकस धरायला शिकली. मग आयटीआय केलं आणि वाळूजच्या एका कंपनीत आठ वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या. कंपनीनं ते काम बंद केलं, तेव्हा दुसरी नोकरी शोधायच्या ऐवजी तिनं एक गाळा भाड्यानं घेतला.

गेल्या मार्चमध्ये एका दुपारी दुकानासमोर मोठी पांढरी गाडी थांबली. चालवत होते वैजापूरचे कांद्याचे आडते काकासाहेब साळुंके. शेजारी बसल्या होत्या भानुमतीबाई पाटोदेकर, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांची स्कूटर रूपाकडेच यायची.

भानुमतीबाईंना सिडकोतलं घर विकून पुण्याला मुलाकडं जायचं होतं. काकासाहेबांना घर पसंत पडलं होतं. पण निघताना त्यांनी गाडी बरोबर दारासमोर नाक करून उभी केली आणि आतल्या आरशाकडं पाहिलं. त्या आरशाच्या कोपऱ्यात होकायंत्र होतं. तिथं हिरवं अक्षर दिसत होतं, 'एन'. म्हणजे गाडीचं तोंड उत्तरेला, अन् समोरच्या दाराचं दक्षिणेला. काकासाहेबांनी हात जोडले. दक्षिणेच्या दाराचं घर त्यांना नको होतं.

"अहो, एकतीस वर्षं माझ्या उंबऱ्यावर सकाळचं ऊन येतंय," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तुमी खोटं बोलता असं नाय म्हणत मी. पण गाडी कशाला खोटं बोलंल?"

बाईंनी आतून शाळेतलं छोटं होकायंत्र आणून दाखवलं. ते काकासाहेबांना खेळणं वाटलं. मग बाई म्हणाल्या, "चला, गाडीच रूपाला दाखवू."

रूपानं सगळं ऐकून घेतलं. "काका, असा आरसा मी आजवर हाताळलेला नाही. आधी बघू द्या."

गाडी चालू करून तिनं आरसा निरखला. पुढच्या काचेकडं तोंड करून एक बारीक डोळा होता, मागच्या बाजूला दुसरा. पुढच्या डोळ्यावर तिनं काळं फडकं धरलं आणि मागच्यावर टॉर्च मारला. आरसा हळूहळू निळसर काळा पडला.

"आगं, ह्याला काय झालं?" काकासाहेब दचकले.

"काही नाही. बाहेर अंधार अन् मागच्या गाडीचा उजेड, असं त्याला वाटलं. तुमचे डोळे दिपू नयेत म्हणून काच स्वतःच काळी होते." तिनं रिव्हर्स गिअर टाकला, तशी काच परत निवळली. "मागं घेताना स्पष्ट दिसावं म्हणून. म्हणजे आरसा धड आहे. फक्त दिशा चुकतीय."

तिनं बाईंचं होकायंत्र मागितलं. गाडीबाहेर सुई शांत उभी होती. आरशाच्या अगदी खाली मोबाइल अडकवायचा स्टँड चिकटवलेला होता. होकायंत्र त्याच्याजवळ नेताच सुई गर्रकन फिरली.

"ह्यात लोहचुंबक आहे, काका. हा कधी बसवला?"

"दिवाळीत. मोबाइल पटकन चिकटतो म्हणून."

"मोबाइल चिकटतो, अन् आरशातलं होकायंत्रही त्याच्याचकडं ओढलं जातं."

रूपानं स्टँड काढला. मग दोघांना गाडीत बसवून ती दुकानामागच्या मोकळ्या मैदानात गेली. गाडीच्या माहितीपुस्तकात बघून तिनं आरशाचं बटण दाबून धरलं, तसं 'सी' अक्षर आलं, म्हणजे त्याला दिशा नव्यानं शिकवायची होती. एवढी मोठी गाडी तिनं कधी चालवली नव्हती. माणूस चालेल त्या वेगानं ती गोल फिरवू लागली. मैदानाच्या कडेला क्रिकेट थांबवून पोरं बघत राहिली. तिसऱ्या फेरीत 'सी' गेलं आणि दिशा बदलेल तशी अक्षरं बदलू लागली.

तिघं परत सिडकोत गेले. दारासमोर गाडीचं नाक लावलं. 'डब्ल्यू'. गाडी पश्चिमेला, दार पूर्वेला.

काकासाहेब मात्र खुश दिसेनात. "आडतीतली गादी फिरवली मी," ते हळू आवाजात म्हणाले. "दिवाळीनंतर. ह्याच गाडीनं बघून. उत्तरेला तोंड पायजे म्हणून."

"मग ती बहुतेक पश्चिमेला झाली असेल," बाई म्हणाल्या.

काकासाहेबांनी बोटांवर दिवाळीपासूनचे महिने मोजले. "धंदा तर लई बरा चाललाय. ऱ्हाऊ द्या मंग तशीच!"

आधी बाई हसल्या, मग रूपा.

घराचा व्यवहार झाला. मे महिन्यात भानुमतीबाई पुण्याला गेल्या. वैजापूरहून दोन-तीन गाड्या काकासाहेबांचं नाव सांगत आल्या.

रूपाच्या मनातून मात्र ती काळी होणारी काच जात नव्हती. भंगारवाल्याकडून तिनं तसाच एक आरसा मिळवला, बाहेरचं कवच फुटलेलं पण काच शाबूत. रविवारी घरी जेवणाच्या ताटाशेजारीच तो उघडला. दोन काचा, मधे जेलीसारखा पातळ थर, दोन्हीकडून एकेक वायर. तिनं वायरींना घड्याळाचा सेल लावला. काच काळवंडली. सेल काढला, तशी सावकाश उजळली.

पुंडलिकराव चष्मा पुसून जवळ सरकले.

"आणखी एकदा कर," ते म्हणाले.