चंद्राच्या चादरीतलं अक्षर

आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शाळा चौथीतच सोडली होती. सोलापुरात चादरींच्या एका कारखान्यात ते नक्षी काढत. ग्राफच्या कागदावर एकेक चौकट भरायची. तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडत आणि नक्षी मागावर उतरे. चादरीच्या कोपऱ्यात मात्र नाव विणलं जाई मालकाचं. रीतच होती तशी. तिची मला आजही चीड येते.

एकोणऐंशी साली मी दहावीत होते. गुरू ग्रहाजवळून गेलेल्या एका बिनमाणसाच्या यानानं तिथल्या एका चंद्राचं चित्र पाठवलं. पेपरात आलं होतं: सगळा बर्फ, त्यावर तडे, खाली पाणी असेल तर कदाचित जीवही असेल. एवढ्या लांबून चित्र येतं कसं, ते आमच्या विज्ञानाच्या सरांनाही सांगता येईना. यान नुसते उजेड-अंधाराचे आकडे धाडतं, असं मग मी एका मासिकातून आण्णांना वाचून दाखवलं.

"म्हंजे चौकटीच की," आण्णा म्हणाले. "हितं बसून मी त्येच करतो."

आठ दिवसांत त्यांनी चादरभर चंद्र काढला. तड्यांच्या जाळ्यात स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर लपवलं, तेही आरशातल्यासारखं उलटं, म्हणजे तडाच वाटावा. आमच्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते, मागून अक्षर सुलट दिसणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पण घडी सुलट बाजूनं घालतात, मागं कोण बघतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. हौसेला मोल नसतं म्हणतात. असतं.

मालकांनी बार्शीच्या व्यापाऱ्यापुढं मागावरून उतरलेली पहिली चादर झटकून पसरली, ती नेमकी उलट्या बाजूनं. मालकांचं नाव उलटं आणि आण्णांचं अक्षर सुलट. व्यापारी खो खो हसला.

"मास्तर, चादर तुमची का आमची?" मालकांनी आण्णांना विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांना कारखान्यात घेतलं नाही. नक्षी तेवढी ठेवून घेतली, आणि ती पुढं वर्षानुवर्षं खपली. आण्णा लोकांच्या मागांवर सुताच्या कांड्या भरू लागले. पेन्सिल पुन्हा धरली नाही.

माझ्या लग्नात कुणीतरी तीच चादर आहेरात आणली. मला ती चुलीत घालावीशी वाटली. आण्णांनी ती उलटी केली आणि तड्यांवरून अंगठा फिरवत आपल्या अक्षराच्या जागेवर आले. तिथं कोरा बर्फ होता.

"काम झ्याक केलंय," ते म्हणाले. "कुटं कळतबी न्हाय."

मग त्यांनी चादरीची नीट घडी घातली, सुलट बाजूनं.