रविवारची नदी

आमच्या सॉल्ट लेकच्या ऑफिसातले एक गृहस्थ हुगळीच्या पाण्याखाली आवाज किती अंतरावर विरतो, ते मोजतात. स्वतः हळू बोलतात आणि प्रत्येक वाक्यानंतर "ऐकू आलं ना?" विचारतात.

डॉल्फिनचा आवाज टिपणारे मायक्रोफोन नदीत किती अंतरावर बसवायचे, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. अहवाल तयार झाल्यावर त्यांनी स्वतःच्याच नोंदी रद्द केल्या. त्या सगळ्या रविवारच्या, लाँचचा गोंगाट कमी असतानाच्या होत्या.

"अहवाल लांबणार. यंदाची बढती विसरा मग," साहेब म्हणाले.

"विसरलो. डॉल्फिनला रविवारची सुट्टी नसते, साहेब. ऐकू आलं ना?"

सोमवारपासून ते भर वर्दळीत मोजू लागले. आवाज पोचण्याचं अंतर निम्म्यावर आलं. ऑफिसात नवीन आलेल्यांना मी आधी वर्दळीतल्या नोंदींचा तो अहवाल वाचायला देतो.