साठपर्यंत मोजायचं

दरवर्षी शिवरात्र झाली की आम्ही दिंडोरीहून निघतो. पुढे ट्रॅक्टर, मागे मळणीचं मशीन, त्यावर अंथरुणं आणि स्वयंपाकाची पेटी. निफाड, सिन्नर, येवला. जिथे गहू सोंगून, कापून पडला असेल तिथे मुक्काम. आता बहुतेक ठिकाणी मोठे हार्वेस्टर येतात. गुरांसाठी भुसा हवा असलेले तेवढे आम्हाला बोलावतात.

ट्रॅक्टर दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा. वहिनी पेंढ्या हातात देते, मी त्या मशीनच्या तोंडात सोडतो. बघणाऱ्याला सोपं वाटतं. पेंढी किती सारायची, कधी हात आखडता घ्यायचा, हे आतल्या ड्रमच्या आवाजावरून कळतं. वीस वर्षं ती जागा माझी आहे. दुसरं काही मला धड जमत नाही, हे लोकांनी सांगायच्या आधी मीच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी कान जायला लागले. आधी पाखरं गेली, मग बायकांचं बोलणं. राहिला तो मशीनचा आवाज. मशीन बंद करा, जेवा, झोपा, तो आपला कानात चालूच. मशीनचा नवा पट्टा आणतो असं सांगून मी नाशिकला गेलो आणि इंदिरानगरात एका डॉक्टरला दाखवलं. गेलेलं परत येणार नाही आणि मशीनपाशी राहिलात तर उरलेलंही जाईल, असं त्याने कागदावर लिहून दिलं. मी कागद फाडला आणि पट्टा घेऊन आलो. दादाला कळलं असतं तर त्याने मला त्याच दिवशी मशीनवरून उतरवलं असतं. त्यात त्याचं काही चुकलं नसतं, याचाच मला जास्त राग यायचा.

ओली पेंढी अडकली की मी हात वर करायचो आणि दादा ट्रॅक्टरवरून मशीन बंद करायचा. ड्रम लगेच थांबत नाही, बराच वेळ घरघरतो. आवाज पूर्ण संपल्याशिवाय आत हात घालायचा नाही, हा आमच्या कामातला पहिला धडा. माझ्या कानातला आवाज तर संपतच नव्हता. म्हणून मी साठपर्यंत मोजायचो. तीन हंगाम असे काढले. कोणाला पत्ता लागला नाही म्हणून स्वतःवर खूशही होतो. गाढवपणा होता, दुसरं काय.

यंदा येवल्याकडे भर उन्हात पेंढी अडकली. मी हात वर केला. दादा पाठमोरा उभा राहून शेतमालकाशी बोलत होता, हे धुळीत मला दिसलं नाही. फिरता पट्टाही दिसायचा नाही, कोणाचा पदर अडकू नये म्हणून त्यावर यंदा आम्हीच पत्रा ठोकला होता. मी शांतपणे साठ मोजले आणि हात आत घातला.

वहिनीने मागून कॉलर धरून ओढलं. दोघंही भुशात पडलो. माझी बाही कोपरापर्यंत फाटून आत गेली, हात वाचला. तिने तीन हाका मारल्या होत्या म्हणे.

दादा धावत आला, मशीन बंद केलं. वहिनी त्याला सांगत होती, ते मी तिच्या ओठांवरून वाचलं.

"भाऊजींना ऐकू येत नाय. मला दोन वर्षं ठाऊक हे."

दोन वर्षं ती गप्प राहिली होती. का, ते मी अजून विचारलेलं नाही.

दादा ओरडला नाही. माझ्याजवळ बसला, माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि खाली मान घालून काहीतरी पुटपुटला. मजुरांसमोर माझी शोभा होऊ नये म्हणून हळू बोलला असणार. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं.

"काय?" मी म्हणालो.

त्याने मान वर केली. डोळे भरले होते. मग तोंडाशी हात धरून तो एवढ्या मोठ्याने बोलला की बांधापलीकडची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

"उद्यापासून मशीनवर तू नाय."

मी ऐकलं.