वैद्याच्या मंत्राचा पल्ला

दूर राहणाऱ्या माणसाला घरच्यांच्या प्रकृतीची खबर कितपत असते, हा या लेखाचा प्रश्न आहे. मी विज्ञानाचा शिक्षक. प्रश्न आधी फळ्यावर लिहायचा आणि मग खडू खाली ठेवून विचार करायचा, ही माझी सवय. या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला संगणकावरच्या एका खेळात मिळाले आणि उरलेले लातूरच्या एका दवाखान्यात.

ज्या उन्हाळ्यात मांजरा धरणाचा तळ उघडा पडला, त्याच उन्हाळ्यात मी लातूर सोडले. नांदेडच्या शाळेत नोकरी लागली होती. बसस्थानकावर अप्पा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटी बहीण गिरिजा पोचवायला आले होते. आई त्याआधीच वारली होती. अप्पा स्वतःही मूळचे लातूरचे नव्हेत. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा उदगीरचे दुकान आवरून ते इथे आले. जिल्ह्याच्या गावी निदान नळाला पाणी राहील, अशी त्यांची अटकळ होती. बस हलली तेव्हा ते खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलास की कळव. अन् तिथं गोदावरी हाय म्हणून तासभर आंघोळीला बसू नको." गिरिजा हसली. मीही हसलो. घरी त्या आठवड्यात आंघोळ एका तांब्यावर आली होती.

माझा जुना संगणक मी गिरिजासाठी घरीच ठेवला होता. नांदेडला खोली घेतल्यावर आम्ही संध्याकाळी इंटरनेटवरून एकच खेळ खेळू लागलो. राक्षस, गुहा, मंतरलेले किल्ले अशा कल्पित जगातला तो खेळ होता, आणि त्यात प्रत्येकाचे काम ठरलेले असे. गिरिजा ढाल घेऊन सर्वांच्या पुढे उभी राही आणि राक्षसाचे घाव स्वतःवर घेई. देगलूरला मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणारा संतोष तलवार चालवी. मी वैद्य झालो.

ज्यांनी असा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वैद्य लढत नाही. तो मागे उभा राहतो आणि सोबत्यांच्या नावाखालच्या हिरव्या पट्ट्यांवर नजर ठेवतो. ही पट्टी म्हणजे त्या पात्राचे उरलेले प्राण. ती आखडू लागली की वैद्याने मंत्र टाकायचा. पट्टी पुन्हा भरते. मंत्राला मात्र दोन मर्यादा आहेत. एक, त्याचा पल्ला ठरलेला असतो. सोबती फार दूर गेला तर मंत्र पोचत नाही. दुसरी, वैद्याची शक्ती सरते आणि सावकाशच भरते. घर सोडून आलेल्या माणसाला ही भूमिका फार मानवते. दिवसभर लातूरचे काहीच माझ्या हाती नसे. संध्याकाळी निदान एक पट्टी असे.

गल्लीत टँकर कधी येईल, हे कोणालाच ठाऊक नसे. ऐन लढाईत हेडफोनमधून गिरिजाचा आवाज कानात येई, "दादा, टँकर आला! मला मरू देऊ नको, आलेच." ती घागरी घेऊन पळे आणि तिचे पात्र राक्षसापुढे ढाल धरून नुसते उभे राही. मी मंत्रामागून मंत्र टाकत तिला जगवत ठेवी.

संतोष वैतागे. "सर, उभ्या म्हशीला दूध पाजून राहिलात काय? मरू द्या की, परत उठंल!"

"ढाल पडली तर पुढचा घाव तुझ्यावर येईल," मी सांगे.

"मग पाजा, पाजा. लई चांगली म्हैस हाय."

परत येऊन गिरिजा ते ऐके आणि संतोषला पुढची दहा मिनिटे राक्षसासमोर एकटा सोडे. मी विचारी, "बरी आहेस ना?" ती म्हणे, "बरी हाय की. पट्टी बघ ना माझी." पट्टी भरलेली असे. तिचा श्वास लागलेला मला ऐकू येई. घागरी उचलल्याने असेल, असा निष्कर्ष मी काढी.

एका संध्याकाळी ती टँकरवर गेली आणि परतली नाही. माझी शक्ती संपेपर्यंत मी मंत्र टाकत राहिलो. मग ढाल पडली. संतोष म्हणाला, "सर, फोन लावा घरी."

फोन अप्पांनी उचलला. "टँकरपाशीच पडली रे. पोटात कळ आली म्हनं. रिक्षात घालून दवाखान्यात आणलंय."

सकाळी लातूरला पोचलो. मूत्रपिंडात खडे होते आणि एका बाजूला सूज आली होती. डॉक्टरांनी विचारले, "पाणी किती पिते ही?" उत्तर गिरिजानेच दिले, तेही माझ्याकडे बघून. "पाणी प्यालं की संडासला जावं लागतंय. संडासला बादली लागती. अप्पांच्या पूजेचं पाणी कुठून आणू मग?"

"पण तू तर रोज बरी आहे म्हणायचीस."

"खेळात होतेच की बरी. तू होतास ना मागं."

अप्पा कॉटच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी एवढेच म्हटले, "घेऊन जा हिला."

"अन् तुम्ही?" गिरिजाने विचारले.

"मला काय होतंय? बरा हाय मी."

ती आता माझ्याकडे नांदेडला असते. खडे निघाले, सूज आलेले मूत्रपिंड पूर्वीइतके काम करत नाही, ते जपावे लागते. पाऊस नंतर चांगला झाला, तरी अप्पा लातूर सोडत नाहीत. एकदा गाव सोडलेल्या माणसाला दुसऱ्यांदा सोडता येत नाही, असे ते म्हणतात. फोनवर विचारले की "बरा हाय". म्हणून हल्ली मी तो प्रश्न विचारत नाही. सकाळपासून किती तांबे पाणी प्यालात, लघवीचा रंग कसा आहे, जिना चढताना कुठे थांबलात, असे विचारतो. अप्पा चिडतात. मग तेच प्रश्न मी शेजारच्या काकूंना विचारतो, आणि दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. माझ्यापुरते घर म्हणजे आता ही न जुळणारी उत्तरे. ती ऐकली की मी शनिवारची बस धरतो.

हे निरीक्षण एकाच घरापुरते आहे, आणि एका घरावरून नियम मांडता येत नाही. ज्यांनी घर सोडले आहे, त्यांनी आज घरी फोन लावून हेच प्रश्न विचारावेत, मग तेच त्या घरातल्या किंवा शेजारच्या दुसऱ्या माणसालाही विचारावेत, आणि दोघांची उत्तरे जुळतात की नाही ते स्वतः तपासून पाहावे.